वाचक विचारतात : खाऱ्या सरोवराकाठच्या गावात एक दिवस, एकटीने, कॅमेऱ्यासह

प्रश्न : मी बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. प्राथमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाले असून लोणारचे सरोवर, तेथील देवळे आणि नवरात्रातील कमळजा देवीची यात्रा यांची छायाचित्रे अनेक वर्षे काढत आले आहे. येत्या डिसेंबरात लेक-जावयाकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जाणार आहे. तेथून काही तासांच्या अंतरावर सॉल्टन सी नावाचे खारे सरोवर असून त्याच्या काठी बॉम्बे बीच नावाचे वाळवंटी गाव आहे, आणि तेथील पडक्या घरांत व कोरड्या किनाऱ्यावर कलावंतांनी विलक्षण वस्तू उभारल्या आहेत, असे वाचनात आले. लेक आणि जावई दोघेही नोकरीवर जातात, म्हणून एक दिवस एकटीनेच तेथे जाऊन यावे असे मनात आहे. मला गाडी चालवता येते. हे जमेल का, काळजी काय घ्यावी आणि तेथे नेमके काय टिपावे?

उत्तर : ताई, हे नक्की जमेल, आणि लोणार पाहत आलेल्या व्यक्तीने हे गाव पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. खाऱ्या पाण्याचा वास, काठावर साचलेला पांढरा थर आणि त्या पाण्याशेजारी चाललेला लोकांचा रोजचा संसार या गोष्टी तुम्हाला नवीन नाहीत. बाहेरून येणारे बहुतेक छायाचित्रकार मात्र पडकी घरे आणि गंजलेल्या मोटारी पाहून इतके भारावून जातात की या गावात माणसे राहतात, याचाच त्यांना विसर पडतो.

आधी गावाविषयी थोडे. बॉम्बे बीच १९२९ साली वसले. ते समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६८ मीटर खाली आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत सॉल्टन सी हे सहलीचे मोठे ठिकाण होते. नौकाविहार आणि मासेमारी यांसाठी दूरदूरहून कुटुंबे येत आणि अनेकांनी येथे सुटीची घरे बांधली. १९७६ आणि १९७७ या लागोपाठच्या वर्षांत आलेल्या वादळी पावसाने सरोवराची पातळी वाढली, किनाऱ्यालगतच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या आणि उरलेले गाव वाचवण्यासाठी मातीचा बांध घालावा लागला. पुढे पाणी अधिकाधिक खारट होत गेले, मासे मेले, पर्यटक यायचे थांबले आणि शेवटी पाणीही किनारा सोडून मागे हटले. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या २३१ होती. २०१६ पासून कलावंतांनी येथे एक कलोत्सव सुरू केला, आणि त्यातूनच आज दिसणाऱ्या बहुतेक कलाकृती उभ्या राहिल्या आहेत. पांढऱ्या ट्रेलरच्या पडद्याकडे तोंड करून ओळीने लावलेल्या भंगार मोटारींचे उघडे चित्रपटगृह, एका साध्या घराचे केलेले ऑपेरागृह आणि किनाऱ्यावरचा झोपाळा ही त्यांतील प्रसिद्ध नावे आहेत. वारा, मीठ आणि ऊन यांमुळे या वस्तू झिजतात, मोडतात, काही काढून नव्या उभारल्या जातात; त्यामुळे इंटरनेटवर पाहिलेले एखादे दृश्य तेथे जसेच्या तसे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता प्रवास. रिव्हरसाइडहून गावापर्यंत दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. महामार्ग १० ने पूर्वेकडे इंडिओपर्यंत जायचे आणि तेथून मेक्का या छोट्या गावावरून महामार्ग १११ धरून सरोवराच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरायचे. पेट्रोल इंडिओ किंवा मेक्का येथेच भरून घ्या, कारण पुढचा रस्ता निर्जन आहे आणि मोबाइलची रेंज भरवशाची नाही. नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. निघण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या, आणि जावयांच्या गाडीच्या विम्यात तुमच्यासारखा पाहुणा चालक बसतो की नाही, याची त्यांच्याकडून खात्री करून घ्या. तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवावी लागते. सरळ रस्त्यावर याची सवय लवकर होते, परंतु चौकात डावीकडे वळताना जुनी सवय उसळी मारते. म्हणून एकटीने निघण्यापूर्वी सुटीच्या दिवशी लेकीला किंवा जावयांना शेजारी बसवून दोन-तीन वेळा सराव करावा, असा माझा आग्रह आहे. कोणत्या वेळी कुठे असाल आणि परतीला कधी निघाल हे लेकीला लिहून द्या, आणि रेंज मिळेल तेथून कळवत राहा.

डिसेंबर हा महिना योग्य आहे. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, आणि नवतपा सोसलेल्या वैदर्भीय माणसालाही मी त्या दिवसांत तेथे एकट्याने जाऊ नये असेच सांगेन; आपल्याकडे निदान बांधावरचे कडुनिंबाचे झाड असते, तेथे किनाऱ्यावर सावली म्हणून नाही. हिवाळ्यातही पाणी पुरेसे बाळगा. जोराचा वारा सुटणार असल्याचा अंदाज असेल तर त्या दिवशी बेत सरळ रद्द करा. पाणी मागे हटल्यामुळे उघड्या पडलेल्या तळाची धूळ अतिशय बारीक असते, तिच्यात अनेक दशकांच्या शेतीरसायनांचे अवशेष आहेत, आणि त्या परिसरातील मुलांमध्ये दम्याचे प्रमाण मोठे आहे. तुम्हाला श्वासाचा विकार असेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. नसेल तरी चांगला मास्क जवळ असू द्या.

किनाऱ्यावर चालताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. वरून कोरडा, कडक पापुद्रा दिसतो आणि त्याखाली चिखल असतो. लोणारला पाण्याच्या कडेला पाय कसा खचतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. येथे तो चिखल काठापासून बराच आत, कोरड्या वाटणाऱ्या जमिनीखालीही असतो. गाडी डांबरी किंवा घट्ट रस्त्यावरच ठेवा, कारण किनाऱ्यावर नेलेल्या गाड्या रुतून बसतात, आणि एकट्या माणसाला तेथून सुटका करून घेणे फार अवघड जाते. पायी जाताना आधीच्या पावलांच्या किंवा चाकांच्या मळलेल्या वाटेनेच जा. पायाखाली चुरचुरणारी पांढरी वाळू बारकाईने पाहा: ती बहुतांशी शंखसदृश जलचरांची कवचे आणि माशांची हाडे यांची बनलेली आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यातील प्राणवायू कमी होऊन एकाच दिवशी सुमारे ७६ लाख तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, मरून किनाऱ्याला लागल्याचे त्या वेळी नोंदले गेले. त्या किनाऱ्यावर खाली बसून, जमिनीलगत कॅमेरा धरून काढलेले एक छायाचित्र तुमच्या मालिकेत असलेच पाहिजे, असे मला वाटते. सरोवराचे काय झाले हे तेवढ्यातून कळते.

प्रकाशाविषयी. गाव सरोवराच्या पूर्व काठावर आहे. त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीमागून, गावाच्या बाजूने उगवतो आणि पाण्यापलीकडच्या डोंगरांआड मावळतो. सकाळी किनाऱ्यावरच्या कलाकृतींवर आणि पलीकडच्या डोंगरांवर समोरून प्रकाश पडतो, रंग स्वच्छ येतात. संध्याकाळी त्याच वस्तू आकाशासमोर काळ्या आकृत्यांसारख्या दिसतात. डिसेंबरात तेथे पाच वाजण्याच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून पहाटे घर सोडलेत तरच दोन्ही वेळा हाती लागतील. पांढऱ्या किनाऱ्यावर कॅमेऱ्याचा मीटर फसतो. जिनिंगच्या आवारातील कापसाच्या गंजीचे छायाचित्र जसे करडे येते, तसाच हा किनाराही करडा येईल. तेथे उद्भासन (एक्स्पोजर) मीटरने सांगितल्यापेक्षा पाऊण ते एक थांबा (स्टॉप) वाढवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरील प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) तपासून पाहा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, गाडीत बसून दारे बंद करून बदला. परतल्यावर कॅमेरा आणि तिपाई आधी मऊ ब्रशने झटकून मग किंचित ओल्या फडक्याने पुसा, कारण खारट धूळ धातूला लागून राहिली की गंज धरतो. एवढ्या कारणासाठी मी एकच मध्यम झूम लेन्स नेण्याचा सल्ला देईन. तुम्ही एकट्या असणार, हातात थोडे सामान असलेले बरे.

दुपारचा कडक प्रकाश तुम्हाला किनाऱ्यापासून दूर, गावाच्या गल्ल्यांत घेऊन जाईल, आणि माझ्या मते दिवसाचा हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. गाव लहान आहे, रस्ते सरळ आखलेले असून त्यांना अक्षरांची आणि आकड्यांची नावे आहेत, आणि बरेच रहिवासी गोल्फच्या छोट्या गाड्यांतून फिरताना दिसतात. येथे एक नियम कटाक्षाने पाळा. मोडके दिसणारे घर कोणाचे तरी राहते घर असू शकते, आणि ओसाड वाटणाऱ्या अंगणालाही मालक असतो. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या वस्तूचे छायाचित्र घेण्यास तेथील कायद्याने सहसा हरकत नसते, परंतु अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी आणि माणसावर कॅमेरा रोखण्यापूर्वी विचारावे. तुमच्या गावात एखादा अनोळखी माणूस येऊन, पडक्या वाड्याशेजारी बसलेल्या आजीबाईंचे छायाचित्र न विचारता घेऊन गेला आणि त्याखाली ‘उजाड गाव’ असे लिहून मोकळा झाला, तर तुम्हाला जे वाटेल, तेच तेथील लोकांना वाटते. गावात स्की इन नावाचे जुने उपाहारगृह आहे, ज्याच्या छताला आणि भिंतींना पाहुण्यांनी चिकटवलेल्या डॉलरच्या नोटा आहेत. दुपारचे जेवण तेथेच घ्या. मद्य मिळत असल्याने एकट्या बाईने जावे की नाही असा संकोच वाटू शकेल, परंतु दुपारी तेथे जेवायला येणारे प्रवासी आणि गावकरी दोन्ही असतात, आणि गावातील माणसांशी बोलणे सुरू करायला याहून सोयीची जागा नाही. आपणही एका खाऱ्या सरोवराच्या प्रदेशातून आलो आहोत हे त्यांना सांगा, फोनमधील लोणारची छायाचित्रे दाखवा. त्यानंतर ज्यांची छायाचित्रे मिळतील ती, मला खात्री आहे, झोपाळ्याच्या छायाचित्रापेक्षा सरस असतील.

सुमारे तीस किलोमीटर पुढे, नायलंडजवळ, लेनर्ड नाइट या माणसाने माती, गवत आणि रंग वापरून अनेक वर्षे घडवलेली साल्वेशन माउंटन ही रंगीत टेकडी आहे. कोणीही तुम्हाला तेथेही जाऊन या म्हणेल. त्याच दिवशी जाऊ नका. दोन्ही ठिकाणे धावत पाहिलीत तर हाती फक्त ठिकाणांची छायाचित्रे येतील, माणसांची नव्हे. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. अनोळखी, निर्जन रस्त्यावर काळोखात फार वेळ गाडी चालवू नये.

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यातला शेतकरी आहे. सॉल्टन सी हे सरोवर कालवा फुटल्यामुळे तयार झाले, असे माझ्या पुतण्याने सांगितले. हे खरे आहे का? आणि नदीच्या गोड्या पाण्याने भरलेले सरोवर समुद्रापेक्षा खारट कसे झाले?

उत्तर : दादा, तुमच्या पुतण्याने सांगितलेले खरे आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी शेतीसाठी वळवण्याकरिता काढलेल्या कालव्याच्या मुखाशी १९०५ साली पुराच्या पाण्याने भगदाड पाडले, आणि पाहता पाहता नदीचा प्रवाह समुद्राकडे जाण्याऐवजी त्या खोलगट भागात उतरू लागला. सुमारे दोन वर्षे हे चालू होते. अखेर १९०७ साली सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आगगाड्या भरभरून दगड ओतून ते भगदाड बंद केले. तोवर कॅलिफोर्नियातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठे सरोवर तयार झाले होते. अर्थात त्या खड्ड्यात पाणी येण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. कोलोरॅडो नदी आपले पात्र बदलत असल्याने पूर्वीही अनेकदा तेथे प्रचंड सरोवर भरले आणि आटले. त्याला काहुइला या तेथील मूळ रहिवाशांचे नाव दिलेले आहे.

खारटपणाचे कारण तुम्हाला दुसऱ्या कोणापेक्षा लवकर उमजेल. त्या सरोवरात पाणी येते, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही. येणारे पाणी मुख्यतः इंपीरियल खोऱ्यातील शेतांतून निचरा होऊन येते आणि सोबत जमिनीतील क्षार व खतांचे अंश आणते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि वर्षानुवर्षे त्यांची भर पडत जाते. आज ते पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. आपल्या पूर्णा खोऱ्यातही क्षारांचे दुखणे आहे, परंतु पूर्णा पुढे तापीला मिळते, त्यामुळे तिला वाट आहे. २००३ साली झालेल्या करारानुसार तेथील शेतीचे काही पाणी सॅन डिएगोसारख्या शहरी भागाकडे वळवण्यात आले. शेतांतून येणारा निचरा कमी झाला, त्याची भरपाई म्हणून सरोवरात सोडले जाणारे पाणी २०१७ अखेर थांबले, आणि किनारा आणखी वेगाने उघडा पडला. वरील ताईंना तेथे जे कोरडे किनारे आणि पाण्यापासून दूर राहिलेले जुने धक्के दिसतील, त्यांमागे शेत आणि शहर यांच्यातील पाण्याची ही वाटणी आहे. छायाचित्रकाराने हे माहीत करूनच तेथे जावे, कारण मग केवळ उदास दिसणारा किनारा टिपून त्याचे समाधान होणार नाही. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावरची हिरवी शेतेही तो टिपेल.

प्रश्न : मी लोणारचाच. अमेरिकेला जाणे मला शक्य नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कड्यावरून सरोवराचे एक छायाचित्र काढतो आणि जातो. एका दिवसात आमच्या गावाचे छायाचित्रण करायचे असेल तर कसे करावे?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण याच कामाची लोणारला गरज आहे. कड्यावरून दिसणारे दृश्य भव्य आहे यात शंका नाही. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर जगात दुर्मीळ आहे. सन २००० पासून ते अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. परंतु त्या दृश्याची छायाचित्रे पुष्कळ झाली. विवराच्या काठाला लागून नांदणारे गाव मात्र छायाचित्रांत जवळजवळ नाहीच.

पहाटे धारेपासून, म्हणजे गोमुखातून वाहणाऱ्या झऱ्यापासून, सुरुवात करा. गोमुखाशी स्नानाला येणारे भाविक, ओल्या पायऱ्या आणि दगडावरून उतरणारे पाणी हे सारे मंद प्रकाशात उत्तम दिसते. मात्र स्नान करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नका. ते उरकून वर आले, ओले कपडे पिळत उभे राहिले, की मग विचारून छायाचित्र घ्या. तेथून दैत्यसूदन मंदिराकडे जा. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा येथे लहान मुलेही सांगतात. ती सांगणाऱ्या एखाद्या आजोबांना मंदिराच्या भिंतीवरील शिल्पांसमोर उभे करा. दुपारचे ऊन चढले की लिंबी बारवेत उतरा, कारण तेथील सावली त्या वेळी कॅमेऱ्याला सोयीची असते. बाजारातील दुकानदार, शाळा सुटल्यावर घरी निघालेली मुले आणि पर्यटकांना विवरात नेणारे वाटाडे हे तुम्हाला ओळखतात, आणि बाहेरून आलेल्या कोणत्याही छायाचित्रकाराकडे ही ओळख असणार नाही. शेवटी, प्रकाश उतरताना, सरोवराकडे या. विवरात उतरायचे असेल तर वन विभागाचे नियम आणि वेळा पाळा. अलीकडच्या काळात कमळजा देवीच्या मंदिराकडे पाणी चढल्याने तेथील वाटही बदलली आहे. एके ठिकाणी पाणी मागे सरते आणि दुसऱ्या ठिकाणी ते देवळाच्या दारी येते. दोन्हींकडे काठावरच्या माणसांना त्याबद्दल काय वाटते, हे विचारून लिहून ठेवा.

प्रश्न : जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. त्या वेळी काढलेली माझी छायाचित्रे फिकट आली आहेत. संगणकावर रंग गडद केला तर चालेल का?

उत्तर : डोळ्यांना जेवढा दिसला होता, तेवढा आणा, त्याहून अधिक नको. तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आला होता, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला, आणि पावसाळ्यानंतर तो ओसरला. पुढे त्या घटनेचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती तुमचे छायाचित्र पडू शकते. त्याला खरा रंग मिळाला पाहिजे. मूळ फाइल न बदलता वेगळी जपून ठेवा.

प्रश्न : छायाचित्राखाली काय काय लिहावे? मी फक्त गावाचे नाव लिहितो.

उत्तर : तारीख पूर्ण लिहा, दिवसासह. खारे सरोवर स्थिर राहत नाही; पाण्याची कड आज कुठे होती हे तारखेशिवाय कळत नाही. त्यानंतर ज्या जागी उभे राहून छायाचित्र घेतले ती जागा शक्य तेवढी नेमकी लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी उभे राहून दुसरे घेता येईल. माणसाचे नाव त्याची परवानगी असेल तरच लिहा, आणि त्याला छापील प्रत पाठवण्याचे कबूल केले असेल तर पत्ता त्याच दिवशी वहीत टिपून घ्या.